बटणाचा फोन अजून का टिकून आहे?

२३ डिसेंबर २०२४ रोजी दूरसंचार नियामक प्राधिकरणाने, म्हणजे ‘ट्राय’ने, मोबाइल कंपन्यांना बजावलं की ज्यांना इंटरनेट नको आहे त्यांच्यासाठी फक्त कॉल आणि एसएमएसचं वेगळं पॅक ठेवा. बातमी वाचून शहरातल्या अनेकांनी भुवया उंचावल्या. आजच्या काळात इंटरनेट नको असलेली माणसं आहेत तरी किती? ट्रायच्याच म्हणण्याप्रमाणे देशात तेव्हाही सुमारे १५ कोटी लोक साधा फोन वापरत होते. अख्ख्या महाराष्ट्राची लोकसंख्याही एवढी नाही.

तालुक्याच्या गावी एसटी स्टँडसमोरच्या मोबाइल दुकानात थोडा वेळ उभं राहिलं तरी याचा अंदाज येतो. काचेच्या कपाटात वरच्या फळीवर टचचे फोन, खालच्या फळीवर बटणाचे. बटणाचा फोन घ्यायला आलेलं गिऱ्हाईक आधी बॅटरी म्हणजे टॉर्च लावून बघतं, मग रिंग वाजवायला सांगतं. दुकानदार पूर्ण आवाजात वाजवून दाखवतो. त्यानंतरचा प्रश्न ठरलेला: “चार्जिंग किती दिवस जातं?” तास कोणी विचारत नाही, दिवस विचारतात.

हा फोन टिकला कसा, हे समजून घ्यायचं तर मुळात मोबाइल जगभर पसरला कसा तिथून सुरुवात करावी लागते. कौतुक नेहमी यंत्राचं होतं. पण माझ्या मते मोबाइल झोपडीपर्यंत पोचला त्यात यंत्राइतकाच, किंबहुना जास्तच, वाटा हिशेबाचा आहे. पैसे कोणी द्यायचे, कधी द्यायचे, किती थोडे थोडे देता येतील, या तीन प्रश्नांची उत्तरं जिथे नीट जुळली तिथे मोबाइल वणव्यासारखा पसरला.

हवेत जागा थोडी, बोलणारे फार

आधी थोडं तंत्र. मोबाइलचं बोलणं रेडिओ लहरींवरून जातं. या लहरींचा जो पट्टा सरकार बोलण्यासाठी नेमून देतं त्याला स्पेक्ट्रम म्हणतात. एकाच ठिकाणी, एकाच वेळी, पट्ट्याच्या एका भागावर दोन वेगवेगळी बोलणी चालली तर दोन्हींचा विचका होतो. पट्टा मर्यादित, म्हणून बोलणारेही मर्यादित.

जुन्या काळी मोटारीत बसवलेले बिनतारी फोन होते. शहरात एक उंच, ताकदवान अँटेना उभारायचा आणि सगळ्या शहराला त्यावरून बोलू द्यायचं, अशी रचना होती. १९७६ मध्ये न्यूयॉर्कसारख्या महानगरात अशा सेवेवर एका वेळी फक्त १२ जण बोलू शकत. ग्राहक साडेपाचशेच्या आत होते आणि प्रतीक्षा यादी हजारोंची.

मंगल कार्यालयातली पंगत आठवा. दीडशे पानं मांडली आहेत आणि प्रत्येक जण शेजारच्याशी हळू आवाजात बोलतो आहे. पंच्याहत्तर गप्पा एकाच वेळी चालतात, कोणाची कोणाला अडचण नाही. मग कोणीतरी माइक हातात घेतो. आता सगळ्या दालनात एकच माणूस बोलू शकतो, बाकीचे गप्प. तो उंच अँटेना म्हणजे हा माइकवाला.

अमेरिकेच्या बेल लॅब्ज या टेलिफोन कंपनीच्या संशोधन संस्थेतल्या डग्लस रिंग यांनी १९४७ मध्येच एका टिपणात उपाय मांडला होता. माइक काढून घ्या. शहराचे छोटे तुकडे पाडा, प्रत्येक तुकड्याला कमी ताकदीचा टॉवर द्या. या तुकड्याला ‘सेल’ म्हणतात आणि ‘सेल्युलर’ फोन हा त्यावरूनच. एका सेलमधला आवाज पलीकडच्या पानापर्यंतच जातो, त्यामुळे पट्ट्याचा तोच भाग चार सेल सोडून पुन्हा वापरता येतो. ग्राहक वाढले? सेल आणखी लहान करा. स्पेक्ट्रम तेवढाच ठेवूनही माणसं वाढवता येतात. म्हणून दादरला काही इमारती सोडल्या की पुन्हा अँटेना दिसतो आणि माळरानावर एकच टॉवर चार-पाच गावं सांभाळतो.

कल्पना १९४७ ची, मग फोन यायला इतकी वर्षं का लागली? पंगतीत माणूस जागेवर बसलेला असतो, मोबाइलवाला एसटीत बसून पळत असतो. एका सेलमधून दुसऱ्यात जाताना बोलणं न तोडता त्याला पुढच्या टॉवरकडे सोपवावं लागतं. तुमचा फोन बोलता बोलता आजूबाजूच्या टॉवरचा जोर सतत मोजत असतो आणि कळवत असतो, आणि कोणाकडे सोपवायचं ते पलीकडचा संगणक क्षणात ठरवतो. तसे संगणक आणि चिप यायला सत्तरचं दशक उजाडलं. ३ एप्रिल १९७३ रोजी मोटोरोलाच्या मार्टिन कूपर यांनी न्यूयॉर्कच्या रस्त्यावर उभं राहून, किलोभराहून जड फोनवरून, पहिला कॉल केला तो बेल लॅब्जमधल्या प्रतिस्पर्ध्याला, जोएल एंगेल यांना. हातातल्या मोबाइलवरचं जगातलं पहिलं संभाषण हे असं खिजवण्यासाठी झालेलं! त्याच फोनची बाजारात आलेली आवृत्ती १९८३ मध्ये ३,९९५ डॉलरला होती. तेव्हा हे श्रीमंतांचं खेळणं ठरेल असंच कोणालाही वाटलं असतं.

फोन वेगळा, नंबर वेगळा

सुरुवातीला युरोपात प्रत्येक देशाची मोबाइल पद्धत वेगळी होती. एका देशाचा फोन दुसऱ्या देशात मुका. १९८७ मध्ये १३ देशांतल्या कंपन्यांनी एकच पद्धत वापरण्याचा करार केला. तीच जीएसएम, जिला आपण ‘२जी’ म्हणतो. १९९१ मध्ये फिनलंडमध्ये ती सुरू झाली.

या पद्धतीतली सगळ्यात हुशार गोष्ट बोटाच्या नखाएवढी आहे: सिम कार्ड. ग्राहक कोण, नंबर कोणता, कंपनी कोणती, हे सगळं कार्डात ठेवलं आणि फोन मोकळा सोडला. त्यामुळे फोन बनवणारे वेगळे आणि सेवा देणारे वेगळे झाले, दोन्हीकडे स्पर्धा लागली. जुना फोन विकता येऊ लागला, भावाचा फोन बहिणीला आणि मालकाचा फोन गड्याला मिळू लागला. कार्ड काढलं, दुसरं घातलं, झालं. आपल्याकडे पुढे दोन सिमच्या फोनांनी बाजार खाल्ला तो याच्याच जिवावर, कारण एका कंपनीचे दर गावातल्या गावात स्वस्त आणि दुसरीचे मुंबईला फोन करायला स्वस्त, अशी चैन लोकांना करता येत होती.

जगातल्या बहुतेक देशांनी एकच पद्धत उचलल्याने सुटे भाग कोट्यवधींनी बनू लागले आणि किमती कोसळल्या.

आलेल्या फोनचे पैसे कोणी द्यायचे?

आता मूळ मुद्द्याकडे. ३१ जुलै १९९५ रोजी पश्चिम बंगालचे मुख्यमंत्री ज्योती बसू यांनी कोलकात्याहून दिल्लीत केंद्रीय मंत्री सुखराम यांना मोबाइलवरून फोन केला आणि भारतात मोबाइल आला. मुंबईतही त्याच वर्षी मॅक्स टच आणि बीपीएल यांची सेवा सुरू झाली. दर होता मिनिटाला १६ रुपयांपर्यंत, आणि तो फोन करणाऱ्यालाच नव्हे, फोन घेणाऱ्यालाही पडायचा. खिशात मोबाइल असलेला माणूस वाजणाऱ्या फोनचा नंबर बघायचा, कट करायचा आणि जवळचा पीसीओ शोधायचा. फोन कशासाठी घेतलाय असा प्रश्न बायकोने विचारावा अशीच ती परिस्थिती.

जरा विचार केला तर यात केवढी मोठी अडचण आहे ते दिसेल. फोन वाजला की आपल्या खिशातून पैसे जाणार हे माहीत असलेला माणूस आपला नंबर कोणाला देईल? आणि नंबर कोणाला दिलाच नाही तर फोन घेऊन करायचं काय?

२००३ मध्ये आपल्याकडे हे बदललं. जो फोन करील त्याने पैसे द्यायचे, घेणाऱ्याला काही नाही. मग घेणाऱ्याच्या कंपनीचं काय? तिचाही टॉवर वापरला गेला, विजेचा खर्च झाला. म्हणून फोन करणाऱ्याची कंपनी घेणाऱ्याच्या कंपनीला मिनिटामागे ठरावीक पैसे देऊ लागली. याला आपण जोडणी शुल्क म्हणू. हा शब्द लक्षात ठेवा, शेवटी पुन्हा लागणार आहे.

या एका बदलाने मोबाइल गरिबाला परवडू लागला, कारण ज्याला फक्त फोन घ्यायचे आहेत त्याला फारसा खर्चच उरला नाही. नाक्यावरचा प्लंबर, भाजीवाली, रिक्षावाला यांना गिऱ्हाईकाचा फोन यायला हवा असतो, करायचा नसतो. थोडक्या पैशांचं कार्ड टाकून ते काम मिळवू लागले. त्याच वर्षी रिलायन्सने ५०१ रुपये भरून फोन हातात देणारी ‘मान्सून हंगामा’ योजना आणली आणि दुकानांसमोर झुंबड उडाली. २००४ मध्ये भारतात मोबाइलची संख्या लँडलाइनच्या पुढे गेली.

इनकमिंग फुकट झालं आणि मिस कॉल नावाची एक अख्खी भाषाच जन्माला आली. एक मिस कॉल म्हणजे पोचलो, दोन म्हणजे खाली ये. कोणी कोणाला द्यायचा याचेही अलिखित नियम होते: पोरगं कॉलेजातून मिस कॉल देतं, बाप उलट फोन करतो. साहेबाला मात्र मिस कॉल देण्याची हिंमत कोणी करत नसे. आफ्रिकेतल्या अनेक देशांतही लोकांनी हेच शोधून काढलं, कोणी कोणाला न शिकवता. कंपनीच्या हिशेबातली फट सापडली की जगभरचे लोक सारखंच डोकं चालवतात. अमेरिकेत मात्र घेणाऱ्याचाही हिशेब लागायचा, त्यामुळे तिथे ही कला बहरली नाही.

बिल नको, रिचार्ज द्या

बिल महिनाअखेर येणार म्हणजे कंपनीने तुमच्यावर विश्वास टाकायचा. त्यासाठी पत्ता, पगाराची चिठ्ठी, अनामत. भाड्याच्या खोलीत राहणारा, रोजंदारीवरचा माणूस यातच गळून पडतो. पोर्तुगालच्या टीएमएन या कंपनीने १९९५ मध्ये आगाऊ पैसे भरून वापरायची सेवा काढली आणि हा अडथळा संपला. पुढे आपल्याकडे दहा रुपयांचंही रिचार्ज मिळू लागलं. ज्याची कमाई रोजची, त्याचा खर्चही रोजचा असावा, एवढं साधं गणित. मोठमोठ्या कंपन्यांना ते उमजायला मात्र बरीच वर्षं लागली.

गरीब देशांत वेग जास्त का?

१९९४ च्या राष्ट्रीय दूरसंचार धोरणात नोंद आहे की भारतात तेव्हा शंभर माणसांमागे ०.८ फोन होते, जगाची सरासरी १० होती. लँडलाइनसाठी नंबर लावून वर्षानुवर्षं वाट बघावी लागे. फोन आला की पेढे वाटत, आणि मग तो फोन सगळ्या आळीचा होई. प्रत्येक घरापर्यंत खड्डा खणून तांब्याची तार नेणं हे फार महागडं काम. दहा घरांच्या वाडीसाठी डोंगर चढून तार कोण नेणार? टॉवर मात्र एकदा टेकडीवर उभा केला की खालच्या सगळ्या वाड्या एका दमात जोडल्या जातात. ज्या देशांत लँडलाइन पोचलीच नव्हती त्यांनी ती पायरी गाळून सरळ मोबाइलवर उडी मारली. २००२ मध्येच जगभर मोबाइल लँडलाइनपेक्षा जास्त झाले.

बांगलादेशात १९९७ पासून ग्रामीणफोन या मोबाइल कंपनीच्या योजनेतून खेड्यातल्या बायकांना कर्जावर मोबाइल मिळू लागले. त्या गावकऱ्यांना मिनिटावर फोन लावून देत आणि त्यातून कर्ज फेडत. एकच मोबाइल, पण अख्ख्या गावाचा.

केरळची गोष्ट तर अर्थशास्त्राच्या वर्गात शिकवली जाते. १९९७ ते २००१ या काळात तिथल्या किनाऱ्यावर टप्प्याटप्प्याने टॉवर आले आणि त्यांची रेंज समुद्रात २०-२५ किलोमीटरपर्यंत जात होती. त्याआधी तारली पकडून आलेली होडी ठरल्या बंदरावरच लागायची. तिथे सगळ्यांच्याच जाळ्यात भरपूर मासळी असेल तर भाव पडायचा, उरलेली मासळी समुद्रात ओतायची. त्याच सकाळी दहा-पंधरा किलोमीटरवरच्या बंदरात गिऱ्हाइकं रिकाम्या टोपल्या घेऊन परत जात असत. फोन आल्यावर कोळी समुद्रातूनच भाव विचारून होडी वळवू लागले. रॉबर्ट जेन्सन या अर्थशास्त्रज्ञाने २००७ मध्ये याचा अभ्यास प्रसिद्ध केला: मासळी फेकणं जवळजवळ थांबलं, कोळ्यांचा नफा सरासरी ८ टक्क्यांनी वाढला आणि गिऱ्हाइकालाही ती ४ टक्के स्वस्त मिळू लागली. एरवी कोळ्याला जास्त मिळालं की गिऱ्हाइकाला भुर्दंड पडतो. इथे दोघांचंही भलं झालं, कारण आधी जे समुद्रात जात होतं तेच दोघांत वाटलं गेलं. आणि हे सगळं साध्या बोलण्याच्या फोनवर, इंटरनेटचं नाव नसताना.

केनियात लोक गावी पैसे पाठवायला मोबाइलचा बॅलन्सच पाठवू लागले होते. पलीकडचा तो बॅलन्स दुकानात विकून रोकड घ्यायचा. लोकांच्या या जुगाडातूनच आफ्रिकेत मोबाइल पैशांची वाट निघाली आणि मार्च २००७ मध्ये केनियातल्या सफारीकॉम या मोबाइल कंपनीने ‘एम-पेसा’ सुरू केलं. साध्या फोनवरून, कोपऱ्यावरच्या दुकानदाराला एजंट करून, पैशांची देवाणघेवाण. आपलं यूपीआय यायला अजून नऊ वर्षं होती.

मग साधा फोन का टिकला?

२००३ मध्ये नोकियाने ११०० हा फोन काढला. भारतासारख्या देशांतला ग्राहक समोर ठेवून. धूळ आत जाऊ नये म्हणून कीपॅडवर सलग रबरी आवरण, हातातून निसटू नये म्हणून खरखरीत कडा, आणि वर टॉर्च. लोडशेडिंगच्या महाराष्ट्रात त्या टॉर्चचं मोल वेगळं सांगायला नको. जगभर २५ कोटींहून जास्त नग विकले गेले. चकचकीत स्मार्टफोन येतात आणि जातात, एवढा खप एका मॉडेलला क्वचितच मिळालाय.

साध्या फोनची बॅटरी आठवडाभर जाते त्यात जादू नाही. स्मार्टफोनमध्ये सगळ्यात जास्त वीज खातो तो मोठा पडदा, आणि खिशात असतानाही मागे डझनभर अॅप इंटरनेटशी बोलत बसतात. बटणाचा फोन बहुतेक वेळ झोपलेला असतो, अधूनमधून जागा होऊन ‘माझ्यासाठी फोन आहे का’ एवढंच टॉवरकडे कान देऊन ऐकतो.

ज्या बोटांना आयुष्यभर खुरपं आणि नांगर धरून घट्टे पडले आहेत त्यांना काचेवर नेमकं टेकणं जमत नाही. बटण दाबलं की बोटाला कळतं. डोळ्यांचं ऑपरेशन झालेल्या आजीला अंधारातही ठरलेलं बटण दाबून धरलं की मुलाला फोन लागतो. आणि हल्ली वेगळाच एक ग्राहक दिसतो: सायबर फसवणुकीच्या बातम्या वाचून धास्तावलेला. म्हाताऱ्या आईवडिलांच्या हातात बँक जोडलेला स्मार्टफोन नको, बटणाचा बरा, असं मुलंच ठरवतात.

बटणाचे फोन जागच्या जागी राहिलेत असंही नाही. जिओकडे २जी नाहीच. म्हणून त्यांनी २०१७ मध्ये एक आणि २०२३ मध्ये दुसरा, ९९९ रुपयांचा, असे बटणाचे ४जी फोन काढले. इंटरनेटशिवाय, साध्या फोनवरून यूपीआयने पैसे देता यावेत म्हणून रिझर्व्ह बँकेने मार्च २०२२ मध्ये ‘१२३ पे’ सुरू केलं.

२जी बंदच करून टाकलं तर?

ही मागणी वेळोवेळी होते. जुलै २०२० मध्ये मुकेश अंबानी यांनीही २जी आता इतिहासजमा करा असं म्हटलं होतं. (त्यांच्या कंपनीकडे २जी नाही, एअरटेल आणि व्होडाफोन आयडियाकडे आहे, हे ऐकताना ध्यानात ठेवलेलं बरं.) मुद्दा मात्र अगदीच चुकीचा नाही. तोच स्पेक्ट्रम ४जी किंवा ५जीला दिला तर त्यातून कितीतरी पट जास्त काम निघतं. अमेरिकेच्या एटी अँड टीने २जी २०१७ मध्ये बंद केलं, जपानने तर २०१२ पर्यंत.

पण एअरटेलने २०२० मध्ये बंद केलं ते ३जी, आणि जर्मनीनेही २०२१ मध्ये ३जी घालवून २जी ठेवलं. मोठं भावंड राहिलं आणि मधलं गेलं. कारण २जीवर फक्त माणसं नसतात. दुकानातली कार्ड यंत्रं, मालट्रकमधले ट्रॅकर, आणि आपल्याकडे विहिरीवरचे मोटर-स्टार्टर. शेतीची वीज रात्री दोनला येते. शेतकरी घरात बसून स्टार्टरमधल्या सिमला फोन लावतो आणि मोटर सुरू होते. पूर्वी त्यासाठी अंधारात, सापाकिरड्यातून बांधावरून जावं लागायचं. ही यंत्रं दहा-दहा वर्षं चालतात, ती बदलून कोण देणार हे ठरल्याशिवाय २जी बंद करणं सोपं नाही.

टॉवर जवळ नको, आरोग्याला धोका आहे

सोसायटीच्या सभेत हा विषय निघाला की आवाज चढतात. टॉवरच्या लहरी क्ष-किरणांसारख्या नसतात, शरीरातल्या रेणूंची तोडफोड करण्याइतकी ऊर्जा त्यांच्यात नसते. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने २०११ मध्ये मोबाइल लहरींना ‘कदाचित कर्करोगकारक’ अशा यादीत टाकलं होतं, म्हणजे पुरावा अपुरा आहे, लक्ष ठेवू. पुढे याच संघटनेने करवून घेतलेल्या आणि २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोठ्या आढाव्यात मोबाइल आणि मेंदूचा कर्करोग यांत संबंध आढळला नाही. भारतात टॉवरसाठीची मर्यादा २०१२ मध्ये आंतरराष्ट्रीय मर्यादेच्या एक दशांश केली गेली.

गंमत अशी की टॉवर दूर घालवला तर कानाला लावलेला फोन जास्त जोर लावतो. पंगतीत शेजारच्याशी कुजबुजता येतं, चार रांगा सोडून बसलेल्याला हाक मारावी लागते. रेंज कमी असलेल्या ठिकाणी बॅटरी भराभर उतरते ती याचमुळे.

सगळ्यांकडे तर मोबाइल आहेच की!

२०२४ च्या अखेरीस देशात सुमारे ११५ कोटी मोबाइल जोडण्या होत्या, पण जोडणी म्हणजे माणूस नव्हे. दोन-दोन सिमवाले दोनदा मोजले जातात. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात बायकांना विचारलं होतं, स्वतः वापरता असा मोबाइल तुमच्याकडे आहे का? देशात ५४ टक्के बायकांनी हो म्हटलं. गोव्यात हाच आकडा ९१ टक्के होता, महाराष्ट्रात मात्र देशाच्या सरासरीच्या आसपासच. घरात फोन असतो, तो नवऱ्याच्या किंवा मुलाच्या खिशात असतो. स्वतःचा पहिला फोन मिळालाच तर तो बहुधा घरातला जुना, बटणाचा.

इनकमिंग पुन्हा फुकट राहिलं नाही

आता ते जोडणी शुल्क. ते २००९ मध्ये मिनिटाला २० पैसे होतं. २०१५ मध्ये १४ झालं, २०१७ मध्ये ६, आणि १ जानेवारी २०२१ पासून शून्य. २०१६ मध्ये आलेल्या जिओने कॉल फुकट करून टाकले होतेच. म्हणजे ज्याला फक्त फोन येतात अशा ग्राहकामुळे कंपनीला पूर्वी दुसऱ्या कंपनीकडून पैसे मिळत, ते बंद झाले. हा ग्राहक तिच्या वहीत आता नुसता खर्च.

शुल्क ६ पैशांवर आल्यानंतर सुमारे वर्षभराने, २०१८ च्या अखेरीस, एअरटेल आणि व्होडाफोन आयडियाने २८ दिवसांना किमान ३५ रुपयांचं रिचार्ज सक्तीचं केलं. नाही केलं तर आधी आउटगोइंग बंद, मग इनकमिंगही. एअरटेलचं हे किमान रिचार्ज २०२१ च्या अखेरीस ९९ रुपये झालं. जुलै २०२४ मध्ये तिन्ही खासगी कंपन्यांनी दर वाढवले तेव्हा एअरटेल आणि व्होडाफोन आयडियाचं २८ दिवसांचं साधं अमर्याद कॉलचं पॅक १९९ वर गेलं, त्यात न मागितलेलं इंटरनेटही होतं. (महिना २८ दिवसांचा केला की वर्षात बारा नाही, तेरा रिचार्ज होतात. ओरड झाल्यावर २०२२ मध्ये ट्रायने ३० दिवसांचं एक तरी पॅक ठेवायला लावलं.)

कंपन्यांची बाजूही खरी आहे. टॉवर, डिझेल, स्पेक्ट्रमचे हप्ते हे खर्च कोणी बोललं काय न बोललं काय, चालूच असतात. प्रश्न तो खर्च कोणावर किती टाकायचा हा आहे.

ट्रायच्या आदेशानंतर जानेवारी २०२५ मध्ये फक्त कॉल-एसएमएसची पॅक आली. थोड्याच दिवसांत दर थोडे उतरवून ८४ दिवसांना एअरटेलचं ४६९ आणि जिओचं ४४८ रुपयांवर स्थिरावलं. म्हणजे तेव्हा २८ दिवसांना दीडशेच्या आसपास पडत होते. इंटरनेटसकटच्या १९९ पेक्षा चाळीस-पन्नास रुपयेच कमी. इंटरनेट वगळलं तरी तीन चतुर्थांश पैसे द्यायचेच होते आणि ते बोलण्याचेही म्हणता येत नाहीत, कारण आठवड्यातून दोन फोन घेणारी आजीही तेवढेच देते. ते नंबर जिवंत ठेवण्याचं भाडं आहे.

पॅक ठेवा असं आदेश सांगतो, किती रुपयांना ते सांगत नाही. व्हॅलिडिटीची कमाल मर्यादा मात्र ९० दिवसांवरून ३६५ केली आहे. तेव्हा घरात बटणाचा फोन असेल तर पुढच्या रिचार्जला दुकानदाराला ‘नेहमीचं टाक’ म्हणू नका. फक्त कॉलिंगचं, मोठ्या मुदतीचं पॅक आहे का ते विचारा. आपणहून तो बहुधा सांगणार नाही, आणि कंपनीच्या अॅपमध्येही ते पहिल्या पानावर सापडेलच असं नाही.